दोन माणसांच्या मंडळीची फूट

आर्डलोखन गावात मी चर्चचा शिपाई होतो. घंटा वाजवायची, दार उघडायचं, पाळकसाहेबांच्या पुढे जाडजूड बायबल छातीशी धरून चालायचं, ते व्यासपीठावर ठेवायचं आणि पाळकसाहेब आत शिरले की व्यासपीठाच्या दाराची फळी बाहेरून लावून घ्यायची. लोक चेष्टेनं म्हणायचे, ईनियस मक्रे पाळकाला कोंडतो आणि मगच झोपतो. मी कधी झोपलो नाही. डोळे मिटून ऐकायचो.

तर सांगायचं आहे ते माझ्या मेहुण्याबद्दल. फार्कर मॅथेसन. माझ्या थोरल्या बहिणीचा, बेथॅगचा नवरा. मी त्याला दाजी म्हणायचो. उंच, वाळका, भुवया अशा की पाऊस डोळ्यांत जायचा नाही. चर्चमध्ये स्तोत्राचा सूर तोच लावायचा. आमच्याकडे बाजा नाही, पेटी नाही. एक माणूस पुढे बसून ओळ सोडतो, बाकीचे ती उचलतात. दाजींनी ओळ सोडली की ती खाडीच्या पलीकडे जाऊन मेंढ्यांना उठवायची. बोलताना मात्र हा माणूस दिवसाकाठी वीस शब्दांच्या वर जायचा नाही, आणि त्यातले निम्मे 'नाही' असायचे.

आमच्या मंडळीचं नाव मुक्त मंडळी. १८४३ साली आमचे आजे सरकारी मंडळीतून उठून बाहेर पडले. पाळक कोण असावा हे जमीनदारानं ठरवायचं की माणसांनी, एवढाच तंटा होता. जमीनदारानं चिडून चर्चला जागा दिली नाही, म्हणून दोन वर्षं लोक भरती-ओहोटीच्या मधल्या वाळूत उपासना करायचे. ती वाळू कुणाच्याच नावावर नव्हती. प्रवचन लांबलं की पुढच्या रांगेचे पाय भिजायचे. मग कशीबशी जागा मिळाली आणि समुद्रावरचे दगड पाठीवर वाहून त्यांनी चर्च बांधलं. त्यात दाजींचे वडील होते. मरताना त्यांनी दाजींचा हात धरून सांगितलं, "यातला एक दगड हलू देऊ नकोस आणि एक अक्षर हलू देऊ नकोस."

दगड कुणी हलवले नाहीत. अक्षरं हलली. १९०० साली एडिंबराच्या मोठ्या माणसांनी ठरवलं की आपली मुक्त मंडळी आणि दक्षिणेकडची संयुक्त मंडळी यांनी एक व्हायचं. ती संयुक्त मंडळी म्हणजे पूर्वी एका शपथेवरून फुटलेली, त्या फुटलेल्यांत पुन्हा जुनं-नवं होऊन चिरफळ्या झालेली आणि शेवटी दमून एकत्र आलेली. नव्या मंडळीचं नाव संयुक्त मुक्त मंडळी.

आमचे पाळक रेव्हरंड टेलफर मऊ स्वभावाचे, सहा मुलांचे बाप. त्यांनी कागद वाचून दाखवला आणि म्हणाले, "ज्यांना एकी मान्य आहे त्यांनी उभं राहावं. ज्यांना नाही त्यांनी बसून राहावं."

दोनशे त्र्याऐंशी माणसं उभी राहिली. मोजायला मीच होतो. दोघं बसून राहिले. एक दाजी. दुसरी म्हातारी मार्सली.

दाजींनी विचारलं, "सरकारनं खऱ्या मंडळीला पोसलं पाहिजे, हे आपल्या जुन्या कागदात होतं. या कागदात ते कुठे आहे?"

टेलफर म्हणाले, "अहो फार्कर, आपण तर सरकारकडून काही घेतच नाही."

"घ्यायचं नाहीच," दाजी म्हणाले. "पण त्यांनी देऊ करायला पाहिजे."

टेलफरांनी घाम पुसला आणि मला म्हणाले, "लिही, दोन विरुद्ध."

मार्सलीचं असं झालं होतं की ती ठार बहिरी. कानाला लावायला तिच्याकडे एक मोठं शिंग होतं, पण त्या दिवशी ते घरी राहिलं होतं आणि गुडघे दुखत होते म्हणून ती उठली नव्हती. सगळे उभे राहिले तेव्हा तिला वाटलं प्रार्थना सुरू झाली. संध्याकाळी मी तिच्याकडे जाऊन शिंगात ओरडलो, "मार्सली, तुम्ही एकीच्या विरुद्ध गेलात!"

"मी?"

"तुम्ही बसून राहिलात! नाव खोडायला सांगू का?"

तिनं विस्तव जरा सारला. मग म्हणाली, "लिहिलं गेलंय ना? मग असू दे. आमच्या घराण्यात शब्द फिरवत नाहीत."

"पण तुम्ही शब्द बोललाच नाहीत!"

"तो तरी कसा फिरवू?" मार्सली म्हणाली.

पुढची चार वर्षं मुक्त मंडळी म्हणजे ही दोन माणसं. दाजींचं गवत ठेवायचं कोठार चर्चपासून सव्वाशे पावलांवर होतं. तिथं त्यांची उपासना चालायची. एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला गाय, मध्ये दोन स्टुलं. दाजी अध्याय वाचायचे, प्रार्थना करायचे, ओळ सोडायचे. उचलायला कुणी नाही. मार्सलीला स्तोत्र सुरू झालंय हे त्यांच्या हनुवटीवरून कळायचं, पण तोवर दुसरी ओळ आलेली असायची.

बेथॅग संयुक्त मुक्त झाली होती. रविवारी सकाळी नवरा-बायको काळे कपडे घालून एकत्र निघायची, कोठारापाशी आली की ती म्हणायची, "टोपी सरळ कर," आणि पुढे चर्चकडे जायची. घरी परत आली की बटाटे आणि हेरिंग खाताना प्रवचनाबद्दल एक अक्षर कुणी काढायचं नाही. असं चाललं होतं आणि तसंच चाललंही असतं.

पण एकीला नकार देणारे देशभर थोडे थोडे होते. त्यांनी कोर्टात दावा लावला होता की ज्या तत्त्वासाठी आमच्या बापजाद्यांनी चर्चं बांधली ते तत्त्व आम्ही सांभाळलंय, तेव्हा खरी मंडळी आम्ही आणि सगळ्या वास्तूही आमच्याच. लोक हसत होते. १९०४च्या ऑगस्टात लंडनच्या वरच्या कोर्टानं निकाल दिला, की बरोबर आहे.

पुढे तो निकाल बजावायला एक माणूस आमच्या गावात आला. पोस्टाच्या गाडीतून उतरला, पायातला चिखल झटकला आणि विचारलं, "आर्डलोखनची मुक्त मंडळी कुठे भेटेल?"

मी म्हणालो, "बटाटे काढतेय. आणि अर्धी तिच्या घरी आहे, गुडघे शेकत."

त्यानं दाजींच्या चिखलानं भरलेल्या हातात किल्ली ठेवली. सहाशे माणसांचं चर्च, घंटा, प्रेतं न्यायची तिरडी आणि पाळकांचं अकरा खोल्यांचं घर. दाजी किल्लीकडे बघत राहिले. त्यांना आनंद झाला असं मला दिसलं नाही. पेरलं ते उगवलंय, पण एवढं कापायचं कसं, असा चेहरा होता.

त्या रविवारी दोनशे त्र्याऐंशी माणसं गावाच्या रस्त्यावर उभी. वाळूत जाऊन बसायचं म्हटलं तर आता तिथंही कुणाची तरी मालकी निघाली होती. एवढी माणसं मावतील अशी दुसरी एकच जागा होती.

बेथॅग नवऱ्याला म्हणाली, "तुझं कोठार रिकामं आहे."

"गाय आहे."

"गाय चालेल आम्हाला."

दाजींनी विचार केला. "गवतावर कुणी बसायचं नाही," ते म्हणाले. तेवढ्यावर अदलाबदल झाली. दोन माणसं चर्चमध्ये गेली आणि बाकी सगळा गाव कोठारात.

पाळकसाहेबांचं घरही सुटलं. सहा मुलं, बायको आणि पुस्तकांच्या बारा पेट्या घेऊन टेलफर फाटकापाशी उभे होते, तेव्हा बेथॅगनं त्यांना सरळ आपल्या घरी आणलं. दाजींनी त्या दिवशी जेवायला बसताना बघितलं तर टेबलाच्या टोकाला पाळकसाहेब हात जोडून डोळे मिटून बसलेले.

दाजी उठले. "एकीवाल्याच्या आशीर्वादाचं मी खाणार नाही."

"आशीर्वाद मी पुटपुटतो," टेलफर बिचारे म्हणाले.

"देवाला ऐकू येईल."

ते टोपी घालून निघून गेले आणि पाळकांच्या अकरा खोल्यांच्या घरात एकटे राहायला लागले. रोज दुपारी आपल्याच घराच्या मागच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे. बेथॅग आतून जवाचं सार आणि ओटची भाकरी द्यायची. ते बाहेर उभ्यानं, स्वतःचा आशीर्वाद स्वतः म्हणून, खायचे.

एकदा मी तिला म्हणालो, "ताई, चाळीस वर्षांचा संसार, आणि नवरा खिडकीत?"

"असू दे," ती म्हणाली. "घरात होता तेव्हाही एवढाच बोलायचा. खिडकीत निदान तोंड माझ्याकडे असतं."

आता माझं काय? मी मनानं संयुक्त मुक्त. उभ्या राहिलेल्यांत मी स्वतःलाही मोजलं होतं. पण दाजी मला म्हणाले, "घंटा वाजवायला ये."

"दाजी, मी तुमच्या मंडळीचा नाही."

"घंटा आहे."

म्हणून दर रविवारी मी घंटा वाजवायचो, दार उघडायचो, बायबल घेऊन रिकाम्या चर्चमधून चालायचो आणि रिकाम्या व्यासपीठावर ठेवून, सवयीनं, रिकाम्या व्यासपीठाची फळी लावून घ्यायचो. दाजी स्वतः वर चढायचे नाहीत; पाळकाचा मान पाळकाला, ते फक्त मंडळीचे वडील, म्हणजे पंचासारखे, म्हणून ते खाली आपल्या सूर लावायच्या जागेवर बसायचे. मार्सली पाचव्या रांगेत. मग मी मागच्या दारानं सटकून कोठाराकडे पळायचो. घंटा एकच होती आणि तिच्यावर दोन्ही मंडळ्या यायच्या, त्यामुळे मी कायम उशिरा.

पुढच्या वर्षीच्या जुलैत एक रविवार असा उकाड्याचा आला की गवतसुद्धा घामेजलं होतं. कोठाराची दोन्ही दारं सताड उघडी, चर्चचीही उघडी. मी मधल्या वाटेवर होतो. कोठारात सूर लावायचं काम शाळामास्तर पिरींकडे आलं होतं. त्यांना सगळं येत होतं, फक्त सूर येत नव्हता. त्यांनी पहिली ओळ सोडली ती फार वर लागली. दुसऱ्या ओळीला आवाज फुटला, खोकला आला, आणि सगळं थांबलं. अडीचशेच्या वर माणसं, एक गाय, आणि कुणाच्या तोंडून हूं की चूं नाही.

त्या शांततेत चर्चच्या दारातून दाजींचा आवाज आला. त्यांचं स्वतःचं स्तोत्र, वेगळंच. त्यांनी ओळ सोडली, आणि नेहमीसारखे थांबले, कुणी उचलणार नाही हे ठाऊक असूनही. थांबायचं असतं म्हणून.

कोठारातून एका बाईनं ती उचलली. माझ्या बहिणीचा आवाज मला हजारांत ओळखू येईल. मग तिच्या शेजारणीनं उचलली, मग मागच्या कोळ्यांनी, आणि पाहता पाहता सगळं कोठार गायला लागलं. गायसुद्धा हंबरली, हे मी शपथेवर सांगतो.

चर्चमधली दुसरी ओळ यायला वेळ लागला. इतका, की मला वाटलं दाजी पडले की काय. मग आली. आधीपेक्षा थोडी भरलेली. ते सोडत गेले, हे उचलत गेले, बारा कडवी. मी वाटेच्या मधोमध उभा. दोन्हीकडचं पूर्ण ऐकू आलं ते फक्त मला. मी कुठल्याच मंडळीत त्या वेळी नव्हतो आणि मला जायचंही नव्हतं.

टेलफर बाहेर पडताना पिरींना म्हणाले, "आज स्तोत्र छान झालं, मास्तर." पिरी म्हणाले, "हो, जमलं." दुपारी खिडकीत दाजी सार प्यायले आणि वाटी परत देताना म्हणाले, "मीठ बरोबर आहे." बेथॅग नंतर मला सांगत होती, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. पिरी उभे राहायचे, तोंड उघडायचे आणि चर्चकडून ओळ येईपर्यंत उघडंच ठेवायचे.

सगळं सुरळीत होतं, ते मी बिघडवलं. मार्सलीकडे सरपणाचं पीट, दलदलीतली वाळवलेली माती, टाकायला गेलो होतो. ती म्हणाली, "हल्ली फार्कर थांबतो फार. ओळ म्हणतो आणि कान देतो. म्हातारा झाला का?"

मी बावळटासारखा शिंगात ओरडलो, "नाही हो! कोठारातले लोक त्यांच्यामागे म्हणतात ना!"

"कोण?"

"सगळे! संयुक्त मुक्तवाले!"

मार्सलीनं शिंग कानावरून काढलं आणि हळूच टेबलावर ठेवलं.

"म्हणजे आमची एकी झाली," ती म्हणाली, "आणि मला कुणी सांगितलं नाही."

दुसऱ्याच दिवशी तिनं तक्रार लिहून दाजींच्या हातात दिली: फार्कर मॅथेसन यानं एकीवाल्यांबरोबर उपासना केली, चौकशी व्हावी. चौकशी वडिलांच्या सभेनं करायची असते. आर्डलोखनच्या मुक्त मंडळीत वडील एकच होते. पण तक्रार रीतसर आहे, तेव्हा सभा भरलीच पाहिजे, असं दाजींनी ठरवलं, आणि लिहून घ्यायला मला बोलावलं.

पाळकांच्या घरातल्या मोठ्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. मार्सली शिंग घेऊन कोपऱ्यात. दाजी एका खुर्चीत बसले.

"फार्कर मॅथेसन हजर आहे का?"

उठले, चालत समोरच्या खुर्चीत गेले. "हजर."

परत पहिल्या खुर्चीत. "जुलैच्या तिसऱ्या रविवारी तू एकीवाल्यांबरोबर स्तोत्र म्हटलंस का?"

समोर जाऊन, "मी माझ्या चर्चमध्ये माझं स्तोत्र म्हटलं. ते कोण ऐकतं ते मी बघत नाही."

परत. "त्यांनी उचललेलं तुला ऐकू आलं का?"

या वेळी समोरच्या खुर्चीत जायला त्यांना वेळ लागला. बसले. गुडघ्यांवर हात ठेवले. "आलं."

"मग तू थांबला का नाहीस?" हे त्यांनी तिथंच बसून विचारलं, आणि खुर्ची चुकली म्हणून उठून, पलीकडे जाऊन, पुन्हा विचारलं.

परत येऊन उत्तर दिलं, "पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी उचललं होतं."

मी लिहायचा थांबलो. ते म्हणाले, "लिही."

मग ते अध्यक्षांच्या खुर्चीत जाऊन बसले. आमच्याकडे कोर्टाला तीन निकाल देता येतात: दोषी, निर्दोष, आणि सिद्ध झालं नाही. दाजी उभे राहून म्हणाले, "सिद्ध झालं नाही. पण सभा आरोपीला ताकीद देते." आणि खुर्ची बदलून, मान खाली घालून, त्यांनी ती घेतली.

मार्सलीला हा निकाल पटला नाही. "घरातलाच न्याय!" ती ओरडली. "मी या मंडळीतून बाहेर पडते! किंवा नाही. तूच बाहेर पडलास. मंडळी म्हणजे मी!"

"मार्सली," दाजी म्हणाले, "आपण दोघंच आहोत."

"तेच तर. आता आपण दोन आहोत."

पुढच्या रविवारी ती पाचव्या रांगेत नव्हती. माळ्यावरच्या सज्जात होती. दुखऱ्या गुडघ्यांनी बावीस पायऱ्या चढून गेली, आणि वरून मला हाक मारली, "ईनियस! माझं बायबल कोण आणणार?" मी आधी खाली दाजींचं बायबल ठेवलं, मग वर तिचं. शिवाय ती म्हणाली, घंटा दोनदा वाजव, एकदा त्याची आणि एकदा माझी. मग आमच्या गावात रविवारी घंटा दोनदा व्हायला लागली आणि कोठारातल्यांना कळेना की कुठली धरायची.

दाजी प्रार्थनेला उभे राहिले की मार्सली वर बसायची, ते बसले की ती उभी राहायची. तिला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं.

त्या वर्षी सरकारनंही डोळे उघडून बघितलं की दोन माणसांनी सहाशेंचं चर्च कसं भरायचं. नवा कायदा झाला आणि गावोगाव माणसं मोजायला एक आयोग फिरू लागला. आमच्याकडे ड्रायडेल नावाचे गृहस्थ आले, बारीक मिशीचे, सर्दी झालेले. रविवारी सकाळी चर्चच्या दारात वही उघडून उभे राहिले.

"मुक्त मंडळीचे सभासद किती?"

दाजी म्हणाले, "एक."

"आणि वरच्या बाई?"

वरून मार्सली ओरडली, "काय म्हणतो?"

मी पायऱ्या चढून शिंगात ओरडलो. ती म्हणाली, "त्याला सांग, मुक्त मंडळी मी आहे. खालचा तो फुटीर."

ड्रायडेल साहेबांनी दोन ओळी लिहिल्या. नाक पुसलं. "आणि तुम्ही?"

"मी कोठारातला," मी म्हणालो. "इथं फक्त घंटेपुरता."

"कोठारात किती?"

"दोनशे एकोणऐंशी. आणि गाय."

"मालक कोण कोठाराचा?"

"मी," दाजी म्हणाले.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं की गावात दारू कुठे मिळते. रविवार होता, कुठेच मिळत नव्हती.

निकाल तीन महिन्यांनी आला: चर्च आणि पाळकांचं घर संयुक्त मुक्त मंडळीला. दाजींनी वाद घातला नाही. चर्च झाडून काढलं, सूर लावायच्या जागेवरची धूळ बाहीनं पुसली आणि किल्ली टेलफरांना नेऊन दिली, आपल्याच घराच्या आपल्याच खिडकीतून. टेलफरांना इतकं भरून आलं की त्यांनी किल्ली घेऊन खिडकीतून हात बाहेर काढला आणि दाजींचा हात धरून ठेवला. "फार्कर," ते म्हणाले, "सूर लावायला या हो. तुम्ही उभे राहू नका, बसू नका, काही मानू नका. फक्त सूर लावा."

"नाही," दाजी म्हणाले. मग म्हणाले, "मुलांनी माझी शिडी मोडली आहे. ती दुरुस्त करून ठेवा."

मार्सलीनं सज्जा सोडला नाही. टेलफर स्वतः वर गेले, शिंगात अर्धा तास बोलले आणि खाली येऊन मला म्हणाले, "राहू द्या. खरं तर तिच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं." मग पुढची सात वर्षं, ती जाईपर्यंत, खाली संयुक्त मुक्त मंडळी भरायची आणि वर सज्जात एका बाईची मूळ मंडळी. बायबल दोन्हीकडे मीच पोचवायचो.

दाजी आपल्या घरी परतले आणि रविवारी पुन्हा कोठारात जायला लागले. वर्षभर एवढ्या पायांनी तुडवून जमीन दगडासारखी झाली होती आणि गाईला माणसांची इतकी सवय लागली होती की रिकाम्या कोठारात ती अस्वस्थ व्हायची. आम्ही चर्चमध्ये, दारं लावलेली, शरद संपत आलेला, बाहेर पश्चिमेचा वारा. पिरी मास्तर उभे राहिले, त्यांनी तोंड उघडलं आणि सवयीनं वाट बघत राहिले. काही आलं नाही. दारं बंद होती आणि वारा उलटा होता. मग त्यांनी आपल्याच आवाजात ओळ सोडली, देव त्यांना क्षमा करो.

बेथॅग उठली. उपासनेच्या मध्ये उठून जाणारी बाई आर्डलोखननं पाहिली नव्हती. तिनं शाल डोक्यावर घेतली आणि सरळ मधल्या वाटेनं चालत दाराशी आली. दार मी उघडलं. शिपायाचं ते कामच आहे. आणि बाई एकटी कशी जाणार म्हणून मी मागोमाग गेलो.

ती कोठारात शिरली नाही. दारापासून दहा पावलांवर एक उलटी ठेवलेली होडी होती, तिच्यावर बसली. आत दाजींनी ओळ सोडली. तिनं उचलली.

दाजी दारात आले.

"तू संयुक्त आहेस," ते म्हणाले.

"मी आत कुठे आले? बाहेर बसलेय."

"हे शेत माझं आहे."

"बरं." ती उठली, शेताच्या गडग्यापलीकडे गेली आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. "हा रस्ता सरकारचा. तुझंच म्हणणं ना, सरकारनं द्यायला पाहिजे म्हणून?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. ते आत गेले. मला वाटलं आता दार लागणार. ते स्टूल घेऊन बाहेर आले, दाराच्या उंबऱ्यावर ठेवलं, अर्धं आत आणि अर्धं बाहेर, आणि बसले. पुढची ओळ सोडली. वारा तोंडावर होता. बेथॅगनं उचलली, पण आवाज फाटला, आणि ती हात तोंडाशी धरून ओरडली, "जरा खालच्या सुरात घे. आता मला तेवढं वर जमत नाही."

दाजींनी घसा साफ केला आणि सूर खाली घेतला.